निखिलचं माप

मी लंडनजवळ स्टॅनमोरला राहायला आले त्या दिवशी शेजारच्या डॉक्टरांनी माझा सोफा मोजला. ओळख ना पाळख. व्हॅनमधून सामान उतरवणारी दोन माणसं सोफा दारात तिरपा धरून घाम गाळत होती आणि मी फोनवर आईला ती हकिगत सांगत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक बुटके, टकलू, दोन स्वेटर एकावर एक घातलेले गृहस्थ आले. त्यांनी खिशातून टेप काढला, सोफा मोजला, दार मोजलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नाही जात हा. पाय काढायला सांग त्याचे. उगाच दमून राहिले ते पोट्टे." पाय काढल्यावर सोफा सुरळीत आत गेला. "मोजल्याशिवाय बोलू नये," एवढं बोलून ते निघून गेले. त्यांचं नाव मला संध्याकाळी कळलं, त्यांच्या बायकोने झाकून पोहे आणून दिले तेव्हा.

डॉक्टर गजानन वऱ्हाडपांडे. नागपूरचे, हाडांचे सर्जन. तरुणपणी इथे आले, इथल्या हॉस्पिटलांतच निवृत्त झाले. इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, आणि त्यांचं आडनाव कोणाच्या जिभेवर बसेना, त्यामुळे हॉस्पिटलात ते जन्मभर मिस्टर पांडेच राहिले. आम्ही मराठी लोक मात्र डॉक्टरच म्हणायचो. मी डॉक्टरकाका म्हणायचे. एवढी वर्षं या देशात काढूनही त्यांच्या बोलण्यातलं नागपूर तसूभर हललं नव्हतं. माझ्या पुणेरी बोलण्याला ते इस्त्रीचं मराठी म्हणत. "बोल, बोल तू. घडी मोडू देऊ नको," असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसत.

टेप कायम उजव्या खिशात. ऑपरेशन थिएटरमध्ये जन्मभर मिलिमीटरवर काम केलेला माणूस, निवृत्तीनंतर हाताला चैन पडत नव्हती. ते भोपळे मोजत, कुंपण मोजत, नवीन पडदे आले की खिडकी मोजत. पण त्यांचं खरं वेड म्हणजे मोटारींची बॉनेटं. एजवेअरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचे कार्यक्रम होत. आत कुणी नाट्यगीत गात असलं, तरी डॉक्टर बाहेर कारपार्कमध्ये असायचे. कोणी नवी उंच गाडी घेतली असली की जमिनीपासून बॉनेटपर्यंत टेप लावून उभे. मालक कौतुकाच्या अपेक्षेने जवळ आला की त्याचं भाषण ऐकून घ्यायची पाळी येई.

"पाह्य," ते म्हणायचे. "बॉनेट गुडघ्याशी असलं तर माणूस वर उडते. पाय मोडते, काचेवर पडते. तो माझ्याकडे येते. बॉनेट छातीशी असलं तर माणूस खाली जाते. तो माझ्याकडे येत नाही." मग टेप खटकन बंद करून विचारायचे, "तुमची शेती आहे का इकडे कुठे?"

एकाने पिकअप घेतली होती, मागे उघडा हौदा असलेली. तो या प्रश्नावर इतका चिडला की वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. हे रस्ते घोडागाडीसाठी केलेले आहेत, त्यावर असली धुडं आणणाऱ्याला पेशंटची लाज वाटली पाहिजे, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत त्यांनी ऑपरेशन टेबलावर उभं राहून कमावलेलं होतं.

निखिल त्यांचा एकुलता एक. इथेच जन्मला, इथेच वाढला आणि नोकरीसाठी टेक्ससला गेला तो तिकडचाच झाला. सहा फुटांच्या वर उंची. "आजोळवर गेला," असं काकू म्हणायच्या. बापाच्या शेजारी उभा राहिला की फोटोत बापाचं टक्कलच तेवढं दिसायचं. लग्न केलं नाही. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल असे, आणि काकूंनी काही खमंग केलं असलं की मीही तिथेच असायचे. अशाच एका रविवारी निखिलने फोन फिरवून आम्हाला आपली नवी गाडी दाखवली. पांढरीशुभ्र अमेरिकन पिकअप. फोनच्या पडद्यात ती पूर्ण मावेना.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर घेतला. "काय वाहून नेतो रे त्यात? लॅपटॉप?"

निखिल हसला. त्याचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं असतं तसं होतं. "बाबा, इकडे सगळ्यांकडे असतो. रोड्स मोठे आहेत. तो गाडी खूप सेफ आहे."

"सेफ कोणाले? आत बसला त्याले. बाहेरच्याचं काय?"

"बाबा, प्लीज. एकदा बसून तर पाहा. यू विल लव्ह इट."

"मी नाही बसत. अन् ते विकत नाही तोपर्यंत मला फोन करू नको तू."

काकूंनी "अहो, काय हे" म्हटलं. निखिल हसतच होता. मला वाटलं, बापलेकांची नेहमीची कुस्ती आहे, पुढच्या रविवारी मिटेल. पण पुढच्या रविवारी डॉक्टर फोनवर आले नाहीत. निखिल आईशी बोलायचा, आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचे, पान न उलटता. दाराची फट मात्र उघडी ठेवायचे. दीड महिना हे चाललं. मी एकदा काकूंना म्हटलंदेखील, की दोघांना एका खोलीत कोंडा. त्या म्हणाल्या, "दोघंही माझ्यावर गेले असते तर बरं झालं असतं."

मग एका सकाळी निखिल ऑफिसच्या जिन्यात कोसळला. हृदय. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. वेळेवर सगळं झालं, तरी उपयोग झाला नाही. बाप डॉक्टर असल्यामुळे त्यांना फोनवर सगळं खुलासेवार सांगितलं गेलं, आणि त्यांनीही ते सगळं नीट ऐकून घेतलं. मी काकूंना धरून बसले होते. डॉक्टर फोन ठेवून आले आणि म्हणाले, "त्याने ती विकली नाही." मला क्षणभर काही कळलंच नाही.

दोघं तिकडे गेली. निखिलच्या मित्रांनी सगळं केलं. गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तशीच उभी होती. मित्रांनी विचारलं, विकून टाकू का. डॉक्टरांनी किल्ली मागितली, वर चढून निखिलच्या जागेवर बसले, आणि काकूंनी मला नंतर सांगितलं, की दोन तास खाली उतरले नाहीत. लोक परदेशातून अस्थी घेऊन येतात. यांनी अस्थी तिकडच्या समुद्रात सोडल्या आणि गाडी जहाजाने इकडे आणली.

ती आमच्या बंद गल्लीत आली तेव्हा तिच्यामागे पोस्टाची गाडी अडकली. आमच्या घरांपुढचे, गाडी लावायचे ड्राइव्ह पाच मीटरसुद्धा भरत नाहीत आणि ही गाडी जवळजवळ सहा मीटर. मागचं टोक गॅरेजच्या दाराला टेकलं, तरी नाक फुटपाथवर. डॉक्टरांनी हे आधी मोजलं नव्हतं असं कसं म्हणू? मोजलं होतंच. ड्राइव्ह किती, गाडी किती, सगळं त्यांना पाठ होतं. माझ्या आयुष्यात मी त्यांना एवढ्या एकाच वेळी पाहिलं, की माप माहीत असून त्यांनी त्याच्याविरुद्ध काम केलं.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन म्हटलं, "काका, बॉनेट छातीशी असलं तर माणूस खाली जातो, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

त्यांनी टेप काढला नाही. नुसते बॉनेटला खेटून उभे राहिले. ते त्यांच्या छातीच्याही वर आलं. "मोजलं मी," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी मोजलं."

"मग?"

"मग काही नाही. तो बस म्हणाला होता ना एकदा."

मी आले तशी घरी परत गेले.

गाडी अमेरिकेची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. इथे सगळं उजवीकडे. त्यामुळे कारपार्कच्या तिकिटाचं मशीन काकूंच्या बाजूला येई आणि त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून खाली हात लांबवून तिकीट घेत. राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणारी गाडी डॉक्टरांना दिसायच्या आधी काकूंना दिसे. त्यामुळे दोघांनी एक पद्धत बसवली होती. काकू उजवीकडे पाहत राहायच्या आणि म्हणायच्या, "थांबा... थांबा... हं, घ्या." त्यांचं "घ्या" आल्याशिवाय डॉक्टर हलत नसत. जन्मात कधी गाडी न चालवलेल्या काकू इंग्लिश गाड्यांमध्ये ड्रायव्हर बसतो त्या जागी टोपी घालून ताठ बसलेल्या असत. लाल, गोंड्याची लोकरीची टोपी. निखिल कॉलेजात असताना त्यांनी त्याच्यासाठी विणली होती, त्याने एकदाही घातली नव्हती. समोरून येणारे लोक दचकून बघत, की या बाईच्या हातात स्टिअरिंग का नाही.

मी एकदाच बसले त्यात. हार्टफर्डशरच्या बाजूला, दोन्हीकडे उंच झाडोरा असलेल्या एका अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला. गाडीचे दोन्ही आरसे फांद्या घासत होते. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, गाडीच्या चारी बाजूंनी फिरून आला आणि शांतपणे म्हणाला, "शेतकरी मी आहे, पण गाडी तुमच्याकडे आहे." डॉक्टर पाव मैल रिव्हर्स गेले. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की डॉक्टरांची सीट पार मागे आणि पार खाली होती. पाठीला दोन उशा लावलेल्या, पाय जेमतेम पोचतात, आणि मान उंचावली की नाक कसंबसं स्टिअरिंगच्या वर येतं.

"काका, सीट वर घ्या ना. बटण आहे तिथेच."

"नाही. हे निखिलचं माप आहे."

मी म्हटलं, "मग मोजून ठेवा. टेप आहेच खिशात. परत हवं तेव्हा त्याच मापावर आणता येईल."

"आणता येते," डॉक्टर म्हणाले. "पण मग ते मी आणलेलं राहते. त्याने ठेवलेलं नाही राहत." मग म्हणाले, "त्याच्यानंतर कोणी हलवली नाही ही. मी त्याच्या जागेवर बसून राहिलो, त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच मला दिसून राहिलं."

पण त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्यांना दिसत नव्हतं. तो सहा फुटी होता. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गल्लीत तक्रारी सुरू झाल्या. समोर मार्गरेट नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई राहतात. त्या चालता चालता दमतात, म्हणून बॅटरीच्या स्कूटरवरून फिरतात. फुटपाथवर पिकअपचं नाक आलं, की त्यांना स्कूटर रस्त्यावर उतरवावी लागे. त्यांनी सह्या गोळा केल्या, पण कौन्सिलला पाठवण्याआधी तो कागद स्वतः घेऊन डॉक्टरांकडे आल्या. मी कुंपणाशीच होते. त्या म्हणाल्या, "मिस्टर पांडे, हा गुडघा तुम्ही बसवलात. उत्तम बसवलात. आता तो घेऊन जायला जागा ठेवा."

डॉक्टरांनी कागद वाचला, खाली आपली स्वतःची सही केली आणि कागद परत दिला. दुसऱ्या आठवड्यात माणूस बोलावून गॅरेजचं दार काढून टाकलं. आत काकूंच्या वर्षावर्षाच्या डब्या, बाटल्या, निखिलची जुनी सायकल होती, ते सगळं घरात नेलं आणि गाडीची शेपटी गॅरेजमध्ये घातली. नाक ड्राइव्हवर, फुटपाथ मोकळा. मार्गरेटबाईंनी केक पाठवला. गॅरेजला दार नसल्यामुळे घरात गार वारा येई, आणि काकू त्या टोपीतच स्वयंपाक करायला लागल्या.

एवढं सगळं करूनही त्यांना गाडीचा आनंद होता असं मला कधीच दिसलं नाही. ते ती चालवायचे ती प्रायश्चित्त घ्यावं तशी. मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं त्यांनी सोडलंच होतं, कारण त्या कारपार्कमध्ये ही गाडी घेऊन जाण्याचं तोंड त्यांना नव्हतं. रविवारी दुपारी, जेव्हा पूर्वी फोन असायचा, त्या वेळेला दोघं निघत, तासभर कुठेतरी जाऊन येत. कुठे गेला होतात, विचारलं तर म्हणत, "कुठे नाही. त्याला फिरवून आणलं."

दसरा रविवारी आला. काकूंनी मला सकाळीच सांगून ठेवलं, गाडीची पूजा आहे, ये. मागच्या दसऱ्याला गाडी नवी होती आणि घर सुतकातून नुकतंच निघालं होतं, तेव्हा काही केलं नव्हतं. या वर्षी काकूंनी हौसेने नाही, पण निगुतीने सगळी तयारी केली होती. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, चाकांखाली ठेवायची लिंबं. आपट्याची पानं नागपूरहून पाकिटातून आली होती. ड्राइव्ह फुटपाथकडे थोडा उतरता आहे. काकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढायला स्टूल घेतलं, तरी हात वर पुरेना, म्हणून शेवटी ते खाली बंपरवर काढलं. डॉक्टरांनी दुरूनच नमस्कार केला. नारळ मी फोडला.

मग लिंबं. पुढच्या दोन चाकांपुढे एकेक ठेवलं. गाडी हातभर पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची, झालं. डॉक्टर वर चढून बसले, दार लावलं. मी ताट घेऊन फुटपाथच्या बाजूला, दिव्याच्या खांबाशी उभी होते. काकू बंपरच्या समोरच होत्या. त्यांच्याकडचं लिंबू चाकापासून घरंगळून थोडं पुढे आलं, तसं ते उचलून परत लावायला त्या वाकल्या.

इंजिन सुरू होतं. त्या कशा वाकल्या हे मी पाहिलं. गाडी हलली हेही मी पाहिलं. मी हातातलं ताट टाकलं आणि ओरडले. गाडी हातभरच पुढे आली, जेवढी यायची होती तेवढीच, आणि थांबली.

काकू आडव्या पडल्या होत्या. चाक त्यांच्यावरून गेलं नव्हतं. बंपरने फक्त ढकललं होतं. टोपी डोक्यावर तशीच होती. त्या शुद्धीवर होत्या आणि मला म्हणाल्या, "यांना सांग, काही झालं नाही." पण डावा पाय आखूड झाला होता, तळवा बाहेर वळला होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. डॉक्टर खाली उतरले, एकदाच त्या पायाकडे पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसले. जन्मभर हजार वेळा पाहिलेला पाय होता तो. खुब्याचं हाड.

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "समोर कोणी नव्हतं. मी पाहिलं होतं ना."

फोन मार्गरेटबाईंनी केला. स्कूटरवरून रस्ता ओलांडून आल्या, आपला कोट काढून काकूंच्या अंगावर घातला आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. "ॲम्ब्युलन्स येतेय, लव्ह," एवढंच म्हणत राहिल्या.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने कागदावर हाड काढून दाखवलं, कुठे मोडलंय, खिळा कुठे बसवणार, पुढे काय काय धोके असतात. डॉक्टर समोर बसून सगळं ऐकत होते, मान हलवत होते. मी दोनदा सांगायला गेले, की अहो, हे स्वतः, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. शेवटी त्या मुलाने विचारलं, काही प्रश्न आहेत का. डॉक्टर म्हणाले, "नो. थँक यू, मिस्टर." त्या वयात आणि त्या हुद्द्यावर त्या मुलाला अजून कोणी मिस्टर म्हणत नसणार. तो लाजला.

काकू वाचल्या. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. पण घरी आल्या त्या निम्म्या झालेल्या. चौपायी वॉकर धरून संडासापर्यंत जायचं, तेवढंच. जिना चढता येईना, म्हणून समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी पलंग टाकला. आणि त्या खिडकीतून चोवीस तास काय दिसणार, तर गाडी.

डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात हाउन्सलोचा एक माणूस शोधून काढला, असल्या गाड्या विकत घेणारा. तो येऊन पाहूनही गेला. काकूंनी त्याला खिडकीतून परत पाठवलं. मी तिथेच भाजी निवडत बसले होते.

"शालू, मला तिच्याकडे पाहवत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला पाहवते. माझ्या पोराची आहे ती."

"तुला मारलं असतं मी."

"मारलं नाही ना. तुम्ही तुमच्या मनाचं दोनदा केलं. एकदा फोन बंद केला, एकदा गाडी आणली. आता माझ्या मनाचं होऊ द्या. ती इथेच राहील."

त्यांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात काकू एवढं सलग कधी बोलल्या असतील असं वाटत नाही. डॉक्टर उठून आत गेले. गाडी राहिली. ती विकता येईना आणि चालवता येईना. रविवार दुपार आली की दोघंही घरातच असत आणि दोघांनाही काय करावं हे कळत नसे.

पुढच्या वसंतात माझी नोकरी बदलली, ऑफिस हीथ्रोच्या बाजूला गेलं, म्हणून मी हाउन्सलोला घर घेतलं. जायच्या आधी काकूंकडे माझी जास्तीची किल्ली होती ती घ्यायला गेले. रविवार होता, दुपारचे दोन-अडीच. ऊन होतं, पण वारा बोचरा.

डॉक्टर ड्राइव्हवर होते. गाडीच्या नाकापुढे, थोड्या उतारावर, एक बादली उपडी घातली होती. बादलीवर एक लहान स्टूल, त्यावर उशी बांधलेली, आणि उशीवर काकूंची लाल, गोंड्याची टोपी. आजूबाजूला डांबरावर खडूच्या रेघा. प्रत्येक रेघेपाशी आकडा. काही पुसलेल्या, त्यावर पुन्हा काढलेल्या. म्हणजे हे पहिल्यांदा चाललं नव्हतं.

ते मला बघून थांबले नाहीत. बादली टेपने मोजून बरोब्बर एका रेघेवर ठेवली, टोपी नीट केली, मग दार उघडून, पायरीला धरून, धापा टाकत वर चढले. निखिलच्या जागेवर बसून समोर पाहिलं. उतरले. बादली हातभर पुढे सरकवली. पुन्हा चढले.

"काका, काय चाललंय?"

"ती वाकली होती तेव्हा एवढीच होती. मोजलं मी तिला. आता पाहून राहिलो, कुठपासून दिसली असती."

"कुठपासून दिसते?"

त्यांनी खडूने दाखवलं. रेघा ड्राइव्ह संपवून फुटपाथवर गेल्या होत्या. मार्गरेटबाई समोरून स्कूटरवरून आल्या, फुटपाथवरच्या रेघेला वळसा घालून काही न बोलता पुढे गेल्या. त्यांनाही हे रोजचं झालं असावं.

खिडकी उघडी होती. काकू चौपायी धरून तिच्याशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"अहो," त्या म्हणाल्या. "बादली त्या जागेवर ठेवा. लिंबू होतं तिथे."

डॉक्टरांनी बादली परत आणली. चाकापुढे, थोड्या अंतरावर. ती जागा त्यांना मोजावी लागली नाही.

"आता वर जा. अन् सीट वर घेऊन पाहा."

डॉक्टरांनी दाराला हात लावला. "शालू, त्याचं माप जाईल."

"जाऊ द्या."

"मग परत नाही येत ते."

"माहीत आहे मला. पण तुम्हाला रोज हे करताना मी नाही पाहू शकत. एकदा पाहून टाका काय ते."

मी किल्ली विसरून खांबाशी उभी होते, दसऱ्याला उभी होते तिथेच. डॉक्टर वर चढले. पाठीच्या दोन्ही उशा काढून बाजूला ठेवल्या. मग सीटच्या मोटारीचा बारीक आवाज आला. आधी पुढे येण्याचा, मग वर जाण्याचा. काचेमागे त्यांचं डोकं हळूहळू वर येताना दिसलं. आधी कपाळ, मग चष्मा, मग मिशी. आवाज थांबला. ते त्या बादलीकडे पाहत राहिले.

काकू खिडकीतून पुढे वाकल्या.

"गोंडा दिसून राहिला," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी खिडकी लावून घेतली. चौपायी सरकवत सरकवत त्या पलंगाशी गेल्या आणि गाडीकडे पाठ करून बसल्या. डॉक्टर आत तसेच बसून होते, ताठ, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, त्या सीटवर आता त्यांना सगळं नीट दिसत होतं. मी किल्ली न घेताच निघाले.